पलटणीचा बचाव आणि तिचे तालीममास्तर

नाटकाचे परीक्षण लिहिणारे आम्ही लोक नटांविषयी रकानेच्या रकाने भरतो. परंतु ज्याने त्या नटांना उभे कसे राहावे, थांबावे केव्हा आणि गप्प कोठे बसावे हे शिकविले, त्या तालीममास्तराची एका वाक्यात बोळवण करतो. बालगंधर्वांच्या गळ्यावर आणि रूपावर महाराष्ट्राने जेवढी शाई खर्च केली, तिचा शतांशही गोविंद बल्लाळ देवलांच्या तालमीच्या वाट्यास आला नाही. मैदानी खेळांत तर ही कृतघ्नता दुणावते. चढाई करून परतणाऱ्याचे छायाचित्र सकाळी वर्तमानपत्रात येते, पकड करणाऱ्याचे सणासुदीस येते, आणि त्या पकडीच्या दोन क्षण आधी शेजारच्या गड्याने उचललेले अर्धे पाऊल कोणाच्याच लक्षात राहत नाही. हे अर्धे पाऊल शिकविणाऱ्या एका गृहस्थाच्या कामाची पारख करावी, असा या लेखाचा हेतू आहे. गृहस्थ म्हणजे श्री. बी. सी. रमेश. २०२२ पासून तीन हंगाम ते पुणेरी पलटण या कबड्डी संघाचे मुख्य प्रशिक्षक होते.

या मासिकात कबड्डीची चर्चा पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील, याची आम्हांस कल्पना आहे. सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृत शिकविणारे प्रा. दि. ब. देवधर क्रिकेटच्या मैदानावर शतके काढीत असत, तेव्हा विद्येचे आणि मातीचे काही वैर असते असे पुण्याला वाटले नव्हते. आमच्या हातून शतक तर सोडाच, शाळेत असताना हुतुतूतला एक धड गडीही कधी बाद झाला नाही. परंतु ज्याला गाता येत नाही त्याने गाणे ऐकू नये असा नियम नाही. आणि गेली पस्तीस वर्षे चिंचवडास राहून भोसरी-मोशीच्या बाजूचे सामने पाहण्याचा नाद आम्हांस जडला आहे.

पलटण पुणेरी म्हणविते खरी. पण तिचे बिऱ्हाड आमच्याच उंबरठ्याशी आहे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने बालेवाडीस जे क्रीडासंकुल झाले ते मुळेच्या काठाजवळ, वाकडच्या समोरच पडते. पिंपरीहून तेथे जाणाऱ्याला पुण्यात पाऊल टाकावेच लागत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये पलटणीचे घरचे सामने तेथे झाले, तेव्हा प्रेक्षागारात चाकणच्या कारखान्यांतून पहिली पाळी उरकून परस्पर आलेली, कंपनीचाच सदरा अंगात असलेली मंडळी पुष्कळ दिसत होती. आमच्या शेजारी बसलेले गृहस्थ आकुर्डीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. तरुणपणी ते कोपऱ्यावर खेळत. आम्ही टाळ्या वाजवीत होतो तेव्हा ते गप्प असत, आणि आम्ही गप्प असलो की ते मधूनच मांडीवर थाप मारीत. शेवटी न राहवून आम्ही कारण विचारले. ते म्हणाले, “सर, तुम्ही चढाईवाल्याकडे बघताय. त्याच्याकडे नका बघू. मधल्या दोघांच्या पायांकडे बघा.” त्या दिवसापासून आम्ही तसे पाहू लागलो, आणि पुढे जे लिहिले आहे त्यातील निम्मे श्रेय त्यांचे आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अमेरिकेतील फुटबॉलमध्ये, ज्यात चेंडूला पायापेक्षा हातच अधिक लागतो, बचावाचा एक स्वतंत्र सूत्रधार नेमलेला असतो. त्याला हे परवडते. कारण तेथे हल्ला करणारे अकरा वेगळे आणि हल्ला अडविणारे अकरा वेगळे. एकांचे काम संपले की ते बाकावर जाऊन बसतात आणि दुसरे उठतात. कबड्डीत ही चैन नाही. तेरा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद अंगणात जे सात उभे राहतात, त्यांनीच चढाई करावयाची आणि त्यांनीच पकड करावयाची. प्रतिपक्षाच्या अंगणातून धापा टाकीत परत आलेला गडी मध्यरेषा ओलांडतो आणि त्याच क्षणी बचावातला एक दुवा होतो. तेव्हा या खेळात बचावाची योजना आखणाऱ्यापुढे खरी अडचण चार उत्तम पकडपटू कोठून आणावेत ही नसतेच. पैसा असला म्हणजे ते लिलावात मिळतात. अडचण असते ती उरलेल्या तिघांची. चढाईसाठी घेतलेले हे तिघे बचावाच्या वेळी निव्वळ पाहुणे असतात, आणि चतुर चढाईपटू नेमका पाहुण्यांच्याच बाजूने शिरतो. साखळी सर्वांत कच्च्या कडीशी तुटते हे त्याला पाठ असते.

श्री. रमेश यांच्या योजनेचे मर्म, आमच्या मते, या तिघांच्या निवडीत आहे. ज्याला धरता येत नाही असा चढाईपटू त्यांना आवडत नसावा. दहाव्या हंगामात, म्हणजे डिसेंबर २०२३ ते मार्च २०२४ या काळात, जो संघ त्यांनी उभा केला त्याचा कर्णधार अस्लम इनामदार हा चढाई करी आणि परत येऊन पकडीतही उतरे; मोहित गोयतचेही तसेच. डाव्या कोपऱ्यावर उभा राहणारा इराणचा मोहम्मदरेझा शादलुई हा मूळचा पकडपटू, परंतु वेळप्रसंगी चढाईसही जाई. अशा रीतीने चढाईवाले कोण आणि बचाववाले कोण ही सीमारेषाच पुसट झाली. उजव्या कोपऱ्यावर गौरव खत्री, मध्यभागी अबिनेश नदराजन आणि संकेत सावंत, आणि भोवती हे दुहेरी कामाचे गडी, असा सातांचा फेर झाला. त्यात पाहुणा कोणी उरला नाही.

ही कल्पना त्यांना पुण्यास आल्यावर सुचली असे नव्हे. १९ ऑक्टोबर २०१९ रोजी अहमदाबादेस सातव्या हंगामाचा अंतिम सामना झाला. त्यात श्री. रमेश यांच्या बंगालच्या संघाने दिल्लीला ३९-३४ असे हरविले, तेव्हा त्यांचा मुख्य चढाईपटू आणि कर्णधार मणिंदर सिंग जायबंदी होऊन बाहेर बसला होता. भार उचलला तो इराणच्याच मोहम्मद नबीबक्षने, आणि तोही अष्टपैलू खेळाडूच. ज्या संघाचा म्होरक्या अंतिम सामन्याला नाही त्याने विजेतेपद मिळवावे, ही गोष्ट प्रशिक्षकाच्या पारड्यात टाकण्यास आम्ही कचरणार नाही. स्वतः श्री. रमेश कर्नाटकातले, भारताकडून खेळलेले आणि २००१ च्या अर्जुन पुरस्काराचे मानकरी. परंतु मोठा खेळाडू चांगला शिक्षक होतोच असे नाही, हे आम्हां शिक्षकी पेशातील लोकांना वेगळे सांगावयास नको.

पुण्यात त्यांचे पहिले वर्ष यशाच्या उंबरठ्यावर अडखळले. नवव्या हंगामात फझल अत्राचली हा इराणचा विख्यात कोपरारक्षक पलटणीचा कर्णधार होता. संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि १७ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईत जयपूरकडून २९-३३ असा हरला. पुढच्या हंगामात फझल गुजरातच्या संघात गेला. अशा वेळी सामान्य प्रशिक्षक एखादे मोठे नाव शोधून त्याच्या डोक्यावर कर्णधारपदाची पगडी ठेवतो. मोठे नाव पलटणीने आणलेही. ऑक्टोबर २०२३ च्या लिलावात शादलुईसाठी तिने २ कोटी ३५ लाख रुपये मोजले. परंतु पगडी त्याच्या डोक्यावर न जाता, संघात अवघा तिसरा हंगाम खेळू लागलेल्या, नगर जिल्ह्यातून आलेल्या अस्लमच्या डोक्यावर गेली. हा निर्णय एकट्या प्रशिक्षकाचा की मालकांचाही, हा वाद आम्ही घालीत नाही. निभावण्याची जबाबदारी मात्र प्रशिक्षकावरच होती.

ती किती नाजूक होती हे समजण्यासाठी पंचांग उघडले पाहिजे. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी चीनमधील हांगचौ येथे आशियाई क्रीडास्पर्धांतील अंतिम सामन्यात भारत आणि इराण समोरासमोर आले. शेवटच्या काही मिनिटांत गुण सारखे असताना, पवन सेहरावतच्या एका चढाईवरून असा वाद माजला की पुष्कळ वेळ खेळच थांबला. अखेर भारत ३३-२९ असा जिंकला. त्या भारतीय चमूत अस्लम होता आणि समोरच्या चमूत शादलुई होता. दोनच दिवसांनी, ९ तारखेस, मुंबईत लिलाव सुरू झाला. २ डिसेंबरला हंगामास आरंभ झाला तेव्हा हे दोघे एकाच अंगणात एकमेकांचा हात धरून उभे होते. हात धरून हे शब्द आम्ही अलंकार म्हणून वापरलेले नाहीत. कबड्डीत शेजारच्या गड्याचा हात धरूनच साखळी करतात, आणि ज्याच्यावर मनातून विश्वास नाही त्याचा हात नेमक्या क्षणी सुटतो.

शादलुईविषयी थोडे विस्ताराने लिहिणे प्राप्त आहे, कारण प्रशिक्षकाच्या नेतृत्वाची कसोटी याच एका माणसावर लागली. पूर्वी तो पाटण्याकडून खेळे. आठव्या हंगामात ८९ गुणांच्या पकडी करून तो तेथे सर्वोत्कृष्ट बचावपटू ठरला होता. नवव्या हंगामात तर दिल्लीविरुद्ध एकाच सामन्यात त्याने पकडींचे १६ गुण मिळविले. त्याची घोट्याची पकड पाहणे हा एक अनुभव आहे. चढाईपटूचा पाय जमिनीला टेकतो न टेकतो तोच हा मनुष्य आडवा झेपावतो, घोटा मुठीत येतो, आणि प्रेक्षागार उभे राहते. आमच्या संगीत नाटकांच्या काळी जसा ‘वन्स मोअर’चा गजर होई, तसाच तो प्रकार. परंतु ‘वन्स मोअर’ने नाटकाचे काय होई हेही जुन्या रसिकांना ठाऊक आहे. पद पाच वेळा रंगे, आणि प्रसंग मरून पडे.

घोट्याची पकड ही सर्वांत देखणी तशी सर्वांत महाग. ती फसली म्हणजे समोरच्याला गुण मिळतो, पकडणारा बाद होऊन बाहेर जातो, आणि मदतीस धावलेल्यांना झटापटीत स्पर्श झाला असेल तर तेही त्याच्या मागोमाग जातात. शिवाय त्या क्षणी कोपरा उघडा पडतो तो वेगळाच. पाटण्याचा शादलुई हा धोका हौसेने पत्करी. पलटणीतला शादलुई आम्हांस निराळा दिसला. तो झेपावे, पण थांबूनही राही. चढाईपटू त्याला खुणावी, पाय पुढे करून मागे घेई, आणि हा गुडघ्यांत वाकून नुसता पाहत राही. पाटण्यात असताना तो पकड शोधीत असे. येथे पकड त्याच्याकडे चालत येई तोवर त्याने वाट पाहिली. हिशेब मांडला तर दहाव्या हंगामात त्याच्या पकडींचे गुण ९९ भरले. सर्व बचावपटूंत ते सर्वाधिक होते, आणि पाटण्याच्या त्या गाजलेल्या हंगामापेक्षाही दहाने जास्त. एका रात्रीत सोळा गुण मिळविण्याचा चमत्कार मात्र पाटण्याच्याच खात्यावर राहिला. गवयाला आलापी आवरावयास सांगणे सोपे नाही; दोन कोटींच्या गवयाला तर नाहीच.

ही वाट पाहण्याची विद्या नियमांतूनच निघालेली आहे, हे अनभिज्ञ वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. चढाईस तीस सेकंदांची मुदत. दोन चढाया लागोपाठ रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण मिळवावाच लागतो, नाहीतर चढाई करणारा बाद होतो. म्हणजे बचाव करणाऱ्याने पहिल्या दोन वेळा हातघाईवर न येता नुसते अंगण राखले, तर तिसऱ्या वेळी प्रतिपक्षालाच आत शिरण्याची सक्ती होते. उतावीळ संघ पहिल्याच चढाईला झडप घालतात. पलटणीचा बचाव दोन चढायांपर्यंत मागे सरके, पुढे येई, पुन्हा मागे सरके. आमच्या पहिल्या पाळीच्या प्रेक्षकांपैकी काहीजण अशा वेळी चुळबूळ करीत; आणि तिसरी चढाई आली की खत्री किंवा शादलुई कोपऱ्यातून निघे, आणि त्याच क्षणी अबिनेश मध्यातून खांदा घालून चढाईपटूची मध्यरेषेकडची वाट बंद करी. कोपऱ्याने पाय धरावा आणि मध्याने वाट तोडावी ही जोडकामाची रीत जुनीच आहे. विशेष होता तो तिचा वक्तशीरपणा. आमच्या शेजाऱ्यांनी तिला आपल्या धंद्यातली उपमा दिली: जोडणीच्या पट्ट्यावर एकाने बोल्ट बसवावा आणि दुसऱ्याने तो आवळावा, मध्ये सुटा काळ राहू नये. उपमा साहित्यशास्त्रात बसेल न बसेल, चाकणात मात्र ती कोणाला समजावून सांगावी लागणार नाही.

येथे एक आडवळण घेतल्याबद्दल वाचक क्षमा करतील. इराणी खेळाडूंच्या पकडींचा आज एवढा बोलबाला आहे, त्या देशाने आपला गर्व २०१८ सालीच जाकार्ताच्या आशियाई स्पर्धांत उतरविला. पुरुषांच्या उपांत्य सामन्यात इराणने भारताला २७-१८ असे हरविले. स्त्रियांच्या अंतिम सामन्यात २७-२४ असे. त्या इराणी मुलींच्या प्रशिक्षिका होत्या नाशिकच्या शैलजा जैन. १९२३ साली बडोद्याच्या स्पर्धेत ज्या खेळाला नियमांची शिस्त लागली, १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने जो बर्लिनपर्यंत नेऊन दाखविला, तो खेळ एका मराठी बाईंनी परदेशात शिकवावा आणि त्या शिष्यांनी आपल्यालाच हरवावे, यात खेद करण्यासारखे आम्हांस काही दिसत नाही. विद्या सांगणाऱ्याला देश नसतो असे म्हणण्याचा मोह होतो, परंतु पराभूत मुलींचे चेहरे आठवले की तो मोह आवरतो. असो.

दहाव्या हंगामाचा ताळेबंद पुढीलप्रमाणे. साखळीतील २२ सामन्यांपैकी पलटणीने १७ जिंकले, ३ बरोबरीत सोडविले आणि अवघे २ गमावले. ९६ गुणांनिशी ती अग्रस्थानी राहिली. उपांत्य सामन्यात शादलुईच्याच जुन्या पाटण्याच्या संघाला तिने २१ गुणांवर रोखले आणि स्वतः ३७ मिळविले. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत अंतिम सामना झाला, आणि त्यात मनप्रीत सिंग यांच्या हरियाणावर पलटणीने २८-२५ असा विजय मिळविला. पुण्याच्या संघाचे हे पहिलेच विजेतेपद.

त्या सामन्याला पुष्कळांनी नीरस म्हटले, आणि त्यांच्याशी आम्ही अंशतः सहमत आहो. मध्यंतरास गुण होते अवघे १३-१०. दोन्ही बाजूंचा बचाव इतका सावध होता की पहिल्या अर्धवेळात प्रेक्षकांना आपलाच श्वास ऐकू यावा. परंतु त्या संथ पाण्यातच पंकज मोहितेने एका चढाईत चार गुण मारले, आणि कोंडी फुटली. या चार गुणांचे मोल केवढे झाले, ते सामन्याच्या अंतिम फरकाशी ताडून पाहावे: फरक होता तीन गुणांचा. शंभर गुणांच्या धबडग्यात चार गुण वाहून गेले असते. बचावाने सामना आटवून आणला म्हणूनच एका चढाईने तो पारडे फिरवू शकला. आणि त्या संध्याकाळी पकडींत उठून दिसला तो शादलुई नव्हे, तर चार गुण मिळविणारा खत्री. ज्याच्यावर २ कोटी ३५ लाख लावले त्याच्याकडे प्रतिपक्षाने पाठ फिरविली, दुसऱ्या बाजूने वाट काढू पाहिली, आणि त्या बाजूलाही तेवढाच पक्का माणूस उभा होता. योजना यापेक्षा अधिक ठळकपणे स्वतःला सिद्ध करू शकली असती असे वाटत नाही. हंगामाचा सर्वांत मोलाचा खेळाडू म्हणून अस्लमचा गौरव झाला, तोही योग्यच.

येथे लेख संपविला असता तर श्री. रमेश यांचे स्तोत्र झाले असते. परंतु अकरावा हंगाम मध्ये येतो.

२०२४ च्या हंगामासाठी शादलुई पलटणीत राहिला नाही. हरियाणाने त्याला २ कोटी ७ लाखांना घेतले. अस्लमला हंगामाच्या मध्येच दुखापत होऊन बाहेर बसावे लागले. जो संघ आदल्या वर्षी केवळ दोन सामने हरला होता तो आठव्या स्थानावर घसरला. २९ डिसेंबरला अंतिम सामना झाला तो कोठे, तर बालेवाडीसच. आणि त्यात शादलुईच्या हरियाणाने पाटण्याला ३२-२३ असे हरविले. आम्ही त्या दिवशी त्याच शेजाऱ्यांसमवेत तेथे होतो. ज्या डाव्या कोपऱ्याला वर्षभरापूर्वी आम्ही आपला म्हणत होतो तो परक्या रंगात उभा होता, आणि तितकाच शांतपणे वाट पाहत होता. शेजारी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “शिकवलं आपण, फळ त्यांना.” हा उद्गार अर्धा खरा आहे. शादलुई पुण्यास आला तेव्हाच तो थोर बचावपटू होता. पुण्याने त्याला काही दिले असेल तर धीर.

टीकाकारांनी मात्र त्याच रात्री निकाल देऊन टाकला: योजना बिजना काही नव्हती, होता तो एक शादलुई, तो गेला आणि बुरूज ढासळला. वरवर पाहता या निकालास उत्तर नाही. तरीही तो आम्हांस मान्य होत नाही. मान्य न होण्याचे कारण देण्यापूर्वी श्री. रमेश यांचा दोष मान्य केला पाहिजे. ज्या योजनेचा पाया ‘प्रत्येकाने दोन्ही कामे करावीत’ हा आहे, तिच्यात एक माणूस कमी झाला म्हणजे दोन माणसे कमी होतात. अस्लम बाहेर बसला तेव्हा पलटणीचा चढाईपटूही गेला, बचावातला एक दुवाही गेला, आणि वर कर्णधारही गेला. बंगालच्या वेळी मणिंदरच्या जागी उभे करण्यास नबीबक्ष होता. पुण्यात अस्लमच्या मागे तसा कोणी तयार ठेवलेला दिसला नाही. अष्टपैलू माणसे दुर्मिळ असतात, म्हणूनच त्यांच्यावर संसार उभारणाऱ्याने कोठीत एखादे अधिक साठवावे लागते. शिवाय वाट पाहण्याची विद्या आघाडीवर असलेल्याला शोभते. पिछाडीवर पडलेल्याने दोन चढाया नुसत्या पाहत राहावे हे परवडत नाही. त्या हंगामात पलटण कित्येकदा मागे पडली, आणि मागे पडल्यावरही तिचा बचाव तोच जुना संथ ताल धरून राहिला, असे आम्हांस वारंवार वाटले. एकच राग उत्तम गाणाऱ्या गवयाची मैफल वेळ बदलली की फसते.

आता कारण. २०२५ च्या बाराव्या हंगामात श्री. रमेश बंगळुरूस गेले आणि पलटणीची सूत्रे अजय ठाकूर यांच्याकडे आली. शादलुई नव्हताच. अस्लम परतला, खत्री, अबिनेश आणि मोहिते होतेच. हा संघ पुन्हा अंतिम सामन्यात पोहोचला आणि ३१ ऑक्टोबरला दिल्लीत दिल्लीच्याच संघाकडून २८-३१ असा हरला. दिल्लीच्या बाजूने त्या दिवशी फझल अत्राचली उभा होता, हा दैवाचा आणखी एक खोडसाळपणा. बुरूज एकट्या शादलुईचा असता तर तो नसताना, आणि बांधणारा मिस्त्रीही गेलेला असताना, पुन्हा उभा राहिला नसता. अर्थात ठाकूर यांचे श्रेय आम्ही हिरावून घेत नाही. परंतु ज्या माणसांवर त्यांनी घर उभारले, ती माणसे आधीच्या तीन वर्षांच्या तालमीत मुरलेली होती. तिकडे बंगळुरूचा संघ आदल्या हंगामात सर्वांत तळाशी होता, श्री. रमेश यांनी त्याला बाद फेरीपर्यंत आणले, आणि तेथेही अलिरेझा मिर्झायन हा इराणचाच अष्टपैलू खेळाडू पुढे आणला. माणूस आपली शैली सहसा सोडीत नाही.

अबिनेश नदराजनविषयी दोन शब्द लिहावयाचे राहिले, ते येथेच लिहितो. उजवा मध्यरक्षक म्हणून तो नवव्या हंगामातही होता, दहाव्यातही आणि त्यानंतरही. त्याच्या नावाचा घोष आम्ही बालेवाडीस कधी ऐकला नाही. तो धरतो तेव्हा चढाईपटूचा पाय आधीच दुसऱ्या कोणाच्या मुठीत असतो, आणि टाळी त्या मुठीला पडते. दहाव्या हंगामातील घरच्या एका सामन्यात चढाईपटू मध्यरेषेच्या वीतभर अलीकडे आला होता. अबिनेशने त्याला छातीने थोपविले, तो पडला, शिट्टी झाली, प्रेक्षागार कोपऱ्याच्या दिशेने ओरडू लागले. आमच्या शेजाऱ्यांनी मांडीवर थाप मारली आणि मध्याकडे बोट दाखविले. अबिनेश तोवर उठून, गुडघे झटकून, पुढच्या चढाईसाठी संकेत सावंतचा हात शोधीत होता.